आईच्या मोटरला किती वीज लागते

मी लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, आणि तेही माझ्याकडेच असतं. बाबा सही करतात, आई माझ्यामागे उभी राहून "नीट लिही, खाडाखोड नको करू" म्हणते. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गल्लीतल्या लोकांना वाटतं की याला सगळं येतं. मला बरंच काही येत नाही. माझी ही मराठी वाचनालयातल्या पुस्तकांतून आली आहे. घरी आम्ही बोलतो ती वेगळी, आणि आमचं शहर हिंदी मुलखातलं, त्यामुळे बाहेर तर सगळी हिंदीच. वाक्य कुठे अडखळलं तर समजून घ्यावं. विषयही फार मोठा नाही. विजेचं बिल आहे.

आम्ही ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यात दोन खोल्यांत भाड्याने राहतो. बाबा पंडरीच्या कापडबाजारात एका ठोक दुकानात सेल्समन आहेत. आई घरी साड्यांना फॉल-पिको करते. तिची पिकोची मशीन आधी पायाने चालायची. मग तिच्या उजव्या गुडघ्याने पायडल मारायला नकार दिला. डॉक्टरांनी पायाला आराम द्या म्हणून सांगितलं, तेव्हा दिवाळीनंतर तिने आपल्याच कमाईतून मिस्त्रीकडून मशीनला विजेची मोटर बसवून घेतली. मुठीएवढी काळी मोटर, पण सुरू झाली की कोणीतरी झोपेत दात खात असल्यासारखा आवाज करते.

हा आवाजच तिला महागात पडला. विजेबद्दल बाबांचा एक सिद्धांत आहे: जे आवाज करतं, ते वीज खातं. मिक्सर सुरू झाला की बाबा जिथे असतील तिथून "बस, बस, झालं!" म्हणून ओरडतात, त्यामुळे आमच्याकडची चटणी कायम जाडीभरडी असते. फ्रिज मधूनच घरघरायला लागला की ते त्याच्याकडे संशयाने बघतात, आणि तो गप्प झाला की म्हणतात, "आता शहाणा झाला." फक्त कूलरला माफी आहे. आमचा कूलर चढावरच्या ट्रकसारखा गरजतो, पण बाबांच्या मते "तो हवेचा आवाज हाय, बिजलीचा नाई."

आमच्याकडे महिन्याला ठरलेल्या युनिटांच्या आत राहिलं तर बिलात चांगली सूट मिळते. आमचं घर आजवर त्या रेषेच्या आत राहत आलं होतं, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. यंदा होळीनंतरचं पहिलं बिल आलं आणि रेषा ओलांडलेली. बाबांनी ते दोनदा वाचलं, मला वाचायला लावलं, मग आईला समोर बसवलं.

"मागच्या साली ह्या टायमाले कूलर होता का?"

"होता."

"फ्रिज होता का?"

"होता."

"मोटर होती का?"

बाबा केस जिंकलेल्या वकिलासारखे माझ्याकडे वळले.

"अहो, पण मी दिवसातून किती वेळ चालवते, ते तं पाहा," आई म्हणाली.

"पाहाले कायले पाहिजे वं? आवाजच सांगते न! असं कर, अजून एक बिल पाहू. तेही असंच आलं, तं मोटर मिस्त्रीले वापस. तो घ्याले तयार हाय, मी विचारून आलो."

म्हणजे ते आधीच विचारून आले होते. आई उठून आत गेली. मी तिच्यामागे गेलो. ती पिठाचा डबा उगाच उघडून बंद करत होती.

"बाबू, तू कॉलेजात काय शिकतो?"

"फिजिक्स."

"त्यात बिजली येते का?"

"येते."

"मंग काढ न माह्या मोटरीचा हिशोब. लग्नसराई हाय. पायानं मशीन मारली तं दिवसाच्या चार साड्याबी होत नाईत. बायका पुरानी बस्तीतल्या त्या बाईकडे जातीन. एकदा गेल्या का वापस येत नाईत."

पहिल्यांदाच घरात कोणीतरी माझ्या शिक्षणाकडून काही मागत होतं. मला भीतीच वाटली. परीक्षेत प्रश्न सोडून देता येतो.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन घरातल्या प्रत्येक वस्तूच्या पाठीमागे गेलो. यंत्राच्या पाठीवर वॉट लिहिलेले असतात. वॉटला तासांनी गुणायचं, हजाराने भागायचं, की युनिट मिळतात. एवढं मला पक्कं ठाऊक होतं. विसरू नये म्हणून मी प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली. आई बघत राहिली.

"हे काय रे? लग्नात भांड्यावर नाव टाकतेत, तशा चिठ्ठ्या लावून राहिला. फ्रिज कोणाले आहेर देऊन राहिला?"

कूलरच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. तो पत्र्याच्या दुकानात ठोकून घेतलेला. मी सायकल काढून त्या कारागिराकडे गेलो आणि विचारलं, आमचा कूलर किती वॉटचा. तो हातोडी खाली न ठेवता म्हणाला, "भैया, आप पढ़े-लिखे हो, जितना अच्छा लगे उतना लिख लो." मी संकोचून निघालो तेव्हा त्याला दया आली असावी, कारण त्याने मागून हाक मारून पंख्याच्या मोटरचा आकडा सांगितला. पंपाचा विचारायचं धाडस मला झालं नाही. तो मी अंदाजाने धरला.

मग तास. आईने तिच्या मोटरचे तास प्रामाणिकपणे सांगितले, वर म्हणाली, "धागा तुटते तो टाइम कापजो." बाबांना मी प्रेसचं विचारलं. प्रेस म्हणजे कपड्यांची इस्त्री. पंडरीतल्या सेल्समनचा शर्ट चुरगळलेला असला तर गिऱ्हाईक त्याच्या हातून कापड घेत नाही, असं त्यांचं मत आहे. "सकाळी एक शर्ट, एक पँट. दहा मिनिटं," ते म्हणाले. मी लिहून घेतलं. फ्रिजला मी चोवीस तास लिहिले, कारण तो चोवीस तास लावलेला असतो.

संध्याकाळी बेरीज झाली. आईची मोटर तळाला होती, मिक्सरच्या जरा वर. मी खूश होऊन कागद घेऊन बाबांकडे गेलो. त्यांनी मोटरची ओळ बघितलीच नाही. दुकानात बिल बनवून बनवून त्यांची नजर सरळ शेवटच्या आकड्यावर जाते.

"हे किती युनिट झाले?"

मी सांगितलं.

"अन् बिलात किती हायेत?"

मी तेही सांगितलं. माझी बेरीज बिलाच्या दीडपट निघाली होती.

बाबांनी दाराबाहेर नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "म्हणजे आपण एवढी जाळून राहिलो, अन् मीटर कमी दाखवून राहिलं?"

"नहीं, वो... मेरा कुछ गलत हुआ होगा," मी म्हणालो. घाबरलो की मी घरीही हिंदीत बोलतो.

"गलत गिलत काई नाई. फाड तो कागद. बिजली ऑफिसातल्या माणसानं पाहिला तं? फाड पहिले!"

"अहो, मंग मोटरीचं काय?" आईने आतून विचारलं.

"मोटरीचं तेच. मीटर एवढं सांभाळून घेऊन राहिलं तरीबी ओलांडलं न? म्हणजे विचार कर, मोटर किती खात असन!"

मी कागद फाडला. पुढे दोन दिवस बाबा जाता-येता मीटरकडे आपल्या बाजूने साक्ष देणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघायचे.

शेवटी मी कॉलेजात लॅबच्या सरांना विचारलं. विचारण्याआधी दोनदा लॅबच्या दारातून परत फिरलो, कारण प्रश्न अभ्यासक्रमातला नव्हता. सर हसले. "अरे, फ्रिज चौबीस घंटे थोड़े चलता है! ठंडा हुआ, बंद हो गया. और ये सब छोड़ो. मीटर पर लाल बत्ती देखी है? वो गिनो."

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, तो मी लहानपणापासून बघत आलो होतो. मला वाटायचं, मीटर जिवंत आहे एवढं सांगण्यासाठी तो आहे. पण मीटरच्या तोंडावरच छापलेलं असतं, दिवा किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. घरातलं सगळं बंद करायचं, एकच वस्तू लावायची आणि मोजायचं. कूलरवाल्याला विचारायची गरज नाही आणि फ्रिजचं मन ओळखायचीही नाही.

आमचं मीटर दाराबाहेर, गल्लीच्या भिंतीवर उंच लावलेलं आहे. मी स्टुलावर चढलो. आत आई एकेक वस्तू लावायची आणि ओरडायची, "मिक्सर!" मी मोबाईलमध्ये एक मिनिट लावून मोजायचो. समोरच्या घरातल्या दीदी तांदूळ निवडत दारात बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मीटर की पूजा चल रही है क्या, भैया?"

"नहीं दीदी, गिन रहा हूँ."

"हव," त्या इकडच्या बोलीत "हो" म्हणाल्या, आणि त्यांनी आपली पोरगी हाताला धरून घरात ओढून घेतली.

आईची मोटर मिनिटाला पाच वेळा लुकलुकली. पाच. मी परत मोजलं. आईने मुद्दाम जाड काठाची साडी मशीनला लावून चालवली, तरी सहाच्या वर गेली नाही. मला इतका आनंद झाला की मी स्टुलावरून उतरताना पडलो, आणि दीदींनी "अरे राम!" म्हटलं. पण मोटर एवढी कमी खाते, तर रेषा ओलांडली कोणी, हे मला तरी कळत नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला मी सायकल आत घेत होतो. सहज मीटरकडे नजर गेली. दिवा धावत सुटल्यासारखा लुकलुकत होता. मी घरात शिरलो. पंखा, एक बल्ब, कूलर बंद. आणि पलंगाशेजारी सतरंजीवर बाबा इस्त्री करत बसले होते.

ही इस्त्री रोजचीच होती. दुकानाचा प्रेसवाला होळीला गावी गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून बाबा संध्याकाळी दुकानातून कटपीसचं गाठोडं घरी आणायचे आणि एकेक तुकडा प्रेस करून, घडी घालून परत न्यायचे. सेठने त्यांना सांगितलं नव्हतं. "माल कडक दिसला पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. दोन तास, कधी अडीच. मध्ये चहा आला तर प्रेस उभी करून ठेवायचे, चालूच.

मी हे रोज बघत होतो. वही घेऊन घरातल्या प्रत्येक वस्तूमागे फिरलो होतो, प्रेसवर चिठ्ठीही लावली होती, आणि त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं "रोज दहा मिनिटं". ती चिठ्ठी त्या क्षणी बाबांच्या कोपराजवळ हलत होती. मी घरातल्या वस्तूंचा हिशोब करत होतो ना. संध्याकाळची प्रेस घरातली नव्हतीच, ती दुकानाची होती. तसं मला वाटत होतं, आईला वाटत होतं आणि बाबांना तर वाटतच होतं. फक्त मीटरला फरक कळत नव्हता.

बाबांना हे सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. मी आईला सांगितलं. मला वाटलं ती लगेच पदर खोचून बाहेर जाईल. ती खाली बसली आणि तोंडावर हात ठेवून बराच वेळ हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "तोंडानं नको सांगू. भांडण होईन, अन् मंग मोटर हट्टानंच जाईन. त्यायले मोजाले लाव. जन्मभर कापड मोजलं त्यायनं. मोजलेलं खोटं नाई म्हणत."

रविवारी दुपारी बाबांना मी बाहेर मीटरसमोर स्टुलावर बसवलं, म्हणजे विनवून बसवलं. फ्रिजसकट सगळं बंद केलं. आईने मोटर सुरू केली.

"दिवा मिचकला का मोजायचं, एवढंच न?" बाबा म्हणाले, आणि ठोक दुकानात कापड मोजताना ज्या चालीत मोजतात, त्याच चालीत सुरू झाले. "एक हाय एक... दोन हाय दोन... अरे, झोपला का हा? ... तीन हाय तीन..." मिनिट संपलं तेव्हा ते पाचावर होते आणि त्यांना कंटाळा आला होता. "मीटर आळशी हाय," ते म्हणाले.

मग मी प्रेस लावली. आईची मोटर बंद केली, प्रेसचं बटण दाबलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो.

"एक हाय एक, दोन हाय दोन, तीन चार, अरे, पाच सहा, थांब, सात, आठ..." वीसच्या पुढे त्यांची चाल मोडली. चाळिसाच्या आसपास ते नुसते बोटं हलवत होते. समोरच्या दीदी आता दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघीजणी.

मिनिट संपायच्या आत दिवा एकदम थांबला.

"पाह्य!" बाबा स्टुलावर उभेच राहिले. "बंद! प्रेस लावलेलीच हाय अन् मीटर बंद! खाऊनच नाई राहिली! मी म्हणत होतो न?"

"अहो बाबा, तापली म्हणून आपोआप बंद झाली. थोड्या वेळाने..."

"तापल्यावर फुकट चालते! मी तं तापल्यावरच चालवतो!"

गल्लीतल्या बायकांनी मान हलवली. त्यांना बाबांचं पटलेलं दिसत होतं, आणि क्षणभर मलाही पटल्यासारखं झालं. मी काहीतरी इंग्रजी शब्द बोललो, तो कोणाला कळला नाही. तेवढ्यात आई आतून बाहेर आली. तिच्या हातात कालच्या गाठोड्यातला कापडाचा तुकडा होता, पाण्याने शिंपडलेला. काही न बोलता ती परत आत गेली आणि प्रेस त्या ओल्या तुकड्यावर फिरवू लागली. आतून चर्र आवाज आला. दिवा पुन्हा धावायला लागला.

बाबा बघत राहिले. आता ते मोजत नव्हते. प्रेस थंड व्हायची, दिवा धावायचा, ती तापायची, तो थांबायचा, आणि ओल्या तुकड्यांमुळे तो फार वेळ थांबत नव्हता. चार-पाच तुकडे झाल्यावर ते स्टुलावरून उतरले, स्टूल उचलून आत नेलं आणि म्हणाले, "ऊन लागून राहिलं." दीदींना वाटलं खेळ संपला, त्या आत गेल्या.

त्या दिवशी बाबा मोटर निर्दोष आहे असं म्हणाले नाहीत, ती जाईल असंही नाही. आईने विचारलं नाही. मी तर स्टुलाकडेही बघत नव्हतो.

सोमवारी सकाळी प्रेस सापडेना. आईने कपाट बघितलं, मी पलंगाखाली बघितलं. बाबा चुरगळलेला शर्ट घालून दुकानात निघून गेले होते, जे मी जन्मात बघितलं नव्हतं. संध्याकाळी ते परत आले, तेव्हा अंगावर तोच शर्ट होता, पण घड्या अशा की कागद कापला जावा. हातात गाठोडं नव्हतं.

"प्रेस कोठं गेली?" आईने विचारलं.

"दुकानात. माल दुकानाचा, तं प्रेस दुकानात पाहिजे का घरी?" जणू हे आम्हालाच कळत नव्हतं.

तेव्हापासून बाबा सकाळी चुरगळून जायचे आणि संध्याकाळी कडक होऊन यायचे. माझे शर्ट मी गादीखाली ठेवायला लागलो. आईचं पिको मात्र जोरात चाललं होतं, पण तिचा एक कान दाराकडे असायचा. बिल येईपर्यंत काही खरं नव्हतं. मोटर मिस्त्रीकडे जाणार की नाही, हे बाबांनी सांगितलं नव्हतं, आणि बाबांनी न सांगितलेल्या गोष्टी आमच्या घरात जुन्या हुकमाप्रमाणे चालतात. मधले काही दिवस मी सगळ्यात वाईट विचार करत होतो: माझं मोजणं चुकलं असलं तर? एकदा दीडपट चुकलेला माणूस मी.

बिल यायच्या सुमारालाच मला गोंदियाकडे मामाच्या गावी लग्नाला जावं लागलं. आईला साड्या सोडून निघता येत नव्हतं, बाबांना दुकान. म्हणून आहेर घेऊन मी गेलो, गादीखालच्या शर्टात. मामा म्हणाला, "कॉलेजात प्रेस करत नाईत का रे?" मी हसलो आणि मांडवात कामाला लागलो. रोज संध्याकाळी फोन करायचो.

"बिल आलं?"

"नाई आलं."

"बाबा काई म्हणाले?"

"जेवले."

तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी दुपारी पंगतीत मी वरण वाढत होतो, तेव्हा खिशातला फोन वाजला. आई दुपारी कधीच फोन करत नाही. मी बादली कोणाच्या तरी हातात दिली आणि मांडवाच्या मागे पळालो. पलीकडून आधी नुसता घर्र आवाज आला, मग आईचा, ओरडून बोलत असल्यासारखा.

"आलं! बिल आलं! आत हाय, सूट भेटली!"

"आणि मोटर?"

"राहते! हे आत्ता जेवाले आले, बिल पाहिलं, अन् म्हणाले, पोट्ट्याले फोन करून सांग, राहू दे म्हणून."